न कळण्याचं भांडवल

जमिनीच्या दलालीला भांडवल लागत नाही, असा एक गैरसमज आहे. लागतं, आणि चांगलं भक्कम लागतं. फक्त ते बँकेत ठेवता येत नाही, आयकरवाल्यांना दिसत नाही आणि भावाभावांत वाटलं तरी कमी होत नाही. ते भांडवल म्हणजे न कळणं. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं का छापलंय ते न कळणं. ले-आउटच्या मंजुरीवर सही कुणाची ते न कळणं. तीस फुटांचा रस्ता नकाशात आहे की परवा टाकलेल्या चार ट्रॉल्या मुरमात, ते न कळणं. विदर्भातल्या पवनीत हे भांडवल बापाकडून लेकाकडे आलेलं आहे. त्यावर घरांवर माड्या चढल्या, पोरींची लग्नं झाली, दारात बुलेटी आल्या. आणि आता सरकार म्हणतं, वर्गात बसा, शिका, परीक्षा द्या, पास झाल्याचा कागद आणा, मग दलाली करा. पिढ्यांची कमाई वीस तासांत बुडवण्याची ही योजना आहे आणि तिच्याविरुद्ध अजून कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत, म्हणून हा खटाटोप.

कायद्याचं आधी उरकून घेतो. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ सालचा. १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडे महारेरा नावाचं प्राधिकरण बसलं. कायद्याचं नववं कलम सांगतं की नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत कुणाला विकून द्यायची किंवा घेऊन द्यायची, तर मधल्या माणसानं स्वतःची नोंदणी करून घेतली पाहिजे. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, नाव काहीही लावा, व्याख्येत सगळे बसतात. महाराष्ट्रात एकट्या माणसाला नोंदणीचे १० हजार रुपये पडतात, फर्म किंवा कंपनी असेल तर एक लाख, मुदत पाच वर्षं. बदल्यात ‘ए’ अक्षरानं सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. तो दुकानात ठळक दिसेल असा लावायचा आणि प्रत्येक जाहिरातीत छापायचा.

इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. पैसे भरल्यानं कुणी शहाणं होत नाही. दहा हजार भरून, पावती घेऊन माणूस होता तसाच घरी येऊ शकतो आणि २०१७ पासून हजारो माणसं तशी आली. सरकारला ते बघवलं नाही. १० जानेवारी २०२३ ला महारेरानं आदेश काढला की आता नुसती फी चालायची नाही. एजंटानं वीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग आयबीपीएस घेईल ती परीक्षा द्यायची आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं. आयबीपीएस म्हणजे बँकेत लागण्यासाठी पोरं ज्यांची परीक्षा देता देता तिशी गाठतात, तीच संस्था. नव्यांना हे लागू झालंच, पण आधीच नोंदणी केलेल्या जुन्या जाणत्यांनाही लागू झालं. ज्या माणसानं तीस वर्षं एकही कागद न वाचता शेकडो सौदे जुळवले, त्याला उतारवयात पेन्सिल दप्तर घेऊन वर्गात बसायला सांगणं, याला काय म्हणावं?

पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. ४२३ जण बसले, ४०५ पास झाले. निकाल ९६ टक्के. वर्तमानपत्रांनी त्या ४०५ जणांचं कौतुक केलं. मला आदर वाटतो तो उरलेल्या १८ जणांबद्दल. माणसं वीस तास शिकवणीला बसली, करारनामा म्हणजे काय, चटई क्षेत्र म्हणजे काय, बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाच्या हातात कोणते कागद द्यायचे, हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलं, आणि परीक्षेच्या दिवशी ते गेले तसेच कोरडे परत आले. वडिलोपार्जित ठेवा इतक्या निकरानं राखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. पुढे त्यांनी पुन्हा परीक्षा दिली असेल आणि ते पास झाले असतील तर तो त्यांचा खासगी प्रश्न आहे.

पण हे १८ जणही फिके पडतील असं दृश्य पुढं दिसलं. प्रमाणपत्र घेण्याची मुदत आधी १ सप्टेंबर २०२३ होती, ती वाढवून १ जानेवारी २०२४ केली. मुदत संपली, आणि राज्यातले जवळपास २० हजार एजंट प्रमाणपत्राविना उभे. महारेरानं त्यांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. विचार करा, कोणी हाक दिली नाही, पत्रक काढलं नाही, मोर्चा नाही, झेंडा नाही, आणि २० हजार माणसं एका तत्त्वावर ठाम राहिली की आम्ही शिकणार नाही. महाराष्ट्रात एवढी एकजूट कांद्याच्या भावासाठी होत नाही.

आता मूळ मुद्दा. शिकण्यात वाईट काय, असं कुणी भोळा वाचक विचारील. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खांच्या. म्हणजे मूर्ख आणि पढतमूर्ख या दोन वेगळ्या जाती आहेत आणि एकीतून दुसरीत जायचं तर अभ्यास करावा लागतो, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. साधा मूर्ख दलाल सुखी असतो. त्याच्याजवळ एक वाक्य असतं आणि त्या वाक्यापुढे वकील, पंचायत, बायको, देव, कुणाचं काही चालत नाही. ते वाक्य असं : “मले का माहीत जी? मालकानं सांगतलं, तेच म्या तुमाले सांगतलं.” परीक्षा पास झालेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कायमचं जातं. त्याच्याकडे सरकारी शिक्क्याचा कागद असतो आणि त्या कागदाचा अर्थ एकच होतो, की याला माहीत होतं. दहा हजार रुपये मोजून, वर शिकवणीची आणि परीक्षेची फी भरून, जो माणूस आपल्या हातानं आपलं चिलखत उतरवून ठेवतो, त्याला मी पढतमूर्ख म्हणणार नाही. समर्थांनी म्हटलंच आहे.

हे वाक्य कसं कामाला येतं ते बघायचं तर तहसील कार्यालयाजवळच्या कुठल्याही टपरीवर सकाळी अकराला बसावं. एक रिटायर गुरुजी असतात. फंडाचे पैसे आलेले, धाकट्याला शहरात नोकरी लागेल की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा ‘एखादा पलाट’ घेऊन ठेवावा असं मनात आलेलं. समोर दलाल भाऊ. मोटरसायकलीच्या डिकीतून ते एक पिशवी काढतात, पिशवीतून पिशवी काढतात, आणि आतल्या पिशवीतून सातबाराची झेरॉक्स. ती चौघडी घातलेली असते. ही घडी नीट बघण्यासारखी आहे. ती बरोबर ‘इतर अधिकार’ या रकान्यावरून जाते, म्हणजे सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा जिथं लिहितात तिथून. रोज उघडून मिटून त्या रेषेवरची शाई उडालेली असते. हा काही कट नसतो. कागद इतकी वर्षं एकाच पद्धतीनं घडी होत आला, एवढंच.

“पेपर सारे क्लिअर हायेत गुरुजी.”

“एनए?”

“होऊन राह्यलं.”

“टीपी? आरएल?”

“तेच होऊन राह्यलं न जी. एनए झालं का मंग टीपी, टीपी झालं का मंग आरएल. नंबरानं होते.”

“रस्ता हाये का पन?”

“आता आपन गाडी कायच्यावरून नेली?”

“नकाशात हाये का म्हंतो मी.”

“नकाशा पटवाऱ्याजवळ. अन् पटवारी आज भंडाऱ्याले.”

गुरुजी चहा पितात. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत चुका शोधलेला माणूस, पण या झेरॉक्सवर त्यांचा चष्मा काही लागत नाही. बयाणा किती द्यायचा यावर बोलणं सुरू होतं.

यात नोंद घ्यावी की दलाल भाऊंनी एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. खोटं बोलायला खरं काय ते ठाऊक असावं लागतं. त्यांची भूमिका निर्मळ आहे. आणि गुरुजींची तर त्याहून निर्मळ. मूळ सातबारा महाभूलेखवर मोबाइलवर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा, कुठंही चालणारा उतारा १५ रुपयांना मिळतो. पाच लाखांच्या प्लॉटपायी हे १५ रुपये वाचवणारा ग्राहक जोपर्यंत या भूमीत आहे तोपर्यंत कुठल्याही दलालानं वर्गात जाऊन बसण्याचं कारण मला दिसत नाही. मागणी नसलेला माल दुकानात भरून ठेवणं हा व्यापार नव्हे.

समजा आता, पवनीतल्याच एका बी. ए. झालेल्या पोराला नोंदणीची हुक्की आली. तलाठ्याची भरती झाली नाही, पोलिसात उंची कमी पडली, शेतात चार बांध्या, त्यात तीन भावांचे हिस्से. पोरगा हुशार. त्यानं पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, आयकराचे कागद जमवले. प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पास झाला. दहा हजार आईनं बचत गटातून काढून दिले. क्रमांक आला. तो चौकटीत बसवून त्यानं बसस्टँडकडच्या एका गाळ्यात लावला, कारण नियमानं तो धंद्याच्या मुख्य जागी लावायचा असतो. (बाकी सगळ्यांच्या धंद्याची मुख्य जागा मोटरसायकल असल्यानं त्यांच्यापुढे ही अडचण नव्हती.) आणि तो गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला.

पहिला प्रश्न असा, की कशाचं गिऱ्हाईक? नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या व्यवहाराला. पवनीत विकलं जातं काय? धानाची शेती. तिला रेरा लागू नाही. जुनी कौलारू घरं, कोष्ट्यांच्या मागांच्या खोल्या, तीन भावांपैकी दोघांना विकायचे आणि तिसऱ्याला न विकायचे वाडे. हे सगळं जुन्या मालमत्तेच्या पुनर्विक्रीचं काम, त्यालाही हा परवाना नको. नझूलची जागा, तिचा तर देवच मालक. म्हणजे पोरानं जो परवाना एवढ्या सायासानं मिळवला तो गावात चालणाऱ्या बहुतेक धंद्याला लागतच नाही. हे म्हणजे तळ्याकाठच्या गावात राहून विमान चालवायचं लायसन काढण्यासारखं झालं. उमेद म्हणून ती मोठीच, पण उडवायचं काय?

उरले नवे ले-आउट. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. ५०० चौरस मीटर म्हणजे एकराचा जेमतेम आठवा हिस्सा. एक मध्यम बांधी. त्यामुळे ले-आउट म्हणवणारं काहीही त्यात येतंच. पण दहावं कलम एजंटाला असंही सांगतं की ज्या प्रकल्पाची नोंदणी नाही त्यातलं काही विकायला तू मदत करायची नाहीस. आता हे कलम फक्त कुणाला कळलेलं आहे? ज्यानं वीस तास शिकवणी केली त्याला. बाकीचे मोकळे. शेतमालक पोराकडे येतो, दोन एकरांत दगड रोवून चुन्यानं रेघा मारल्यात, बेचाळीस प्लॉट पाडलेत, विकून दे म्हणतो. पोरगा विचारतो, प्रकल्पाचा ‘पी’ नंबर? मालक त्याच्याकडे असं बघतो की जणू पोरानं त्याची जात विचारली. संध्याकाळपर्यंत ते बेचाळीस प्लॉट मोटरसायकलीच्या डिकीत गेलेले असतात.

एक गुरुजी त्याच्याकडेही येतात. चुकून. पोरगा सातबारा मागतो आणि वर्गात शिकवल्याप्रमाणं पहिलं काम करतो, घडी सरळ करतो. “गुरुजी, याच्यावर बोजा हाये. आन् वर्ग दोन हाये, परवानगीबिगर विकताच येत नाही.” गुरुजी उठतात. बाहेर पडून ते पहिल्या भेटणाऱ्याला सांगतात की पोरगा अपशकुनी आहे, चांगला होत आलेला सौदा त्यानं मोडला. त्यात गुरुजींचं तरी काय चुकलं? ते प्लॉट घ्यायला गेले होते. पोरानं त्यांना माहिती दिली.

पैशाच्या बाजूनं बघितलं तरी हिशेब याच बाजूनं झुकतो, आणि हिशेब कायद्यानंच करून ठेवलाय. बिननोंदणीच्या एजंटाला कलम ६२ प्रमाणं रोज १० हजार रुपये दंड. ऐकूनच छातीत धस्स होतं. पण कलम शेवटपर्यंत वाचावं. दंडाची एकूण मर्यादा त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्के. पवनीतला प्लॉट पाच लाखांचा धरा. त्याचे ५ टक्के म्हणजे २५ हजार. पहिल्या दिवसाचे दहा, दुसऱ्याचे दहा, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत दंडाचं पोट भरलं. पुढे आयुष्यभर तोच गुन्हा चालू ठेवला तरी त्या प्लॉटपायी एक रुपया वाढत नाही. यात दलाल दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के घेत असेल तर वीस हजार त्या एकाच प्लॉटवर सुटतात. उरले पाच. तेही कुणीतरी तक्रार केली तर. आणि तक्रार करायची म्हणजे आपण फसलो हे गावात कबूल करावं लागतं. पवनीतला माणूस दोन एकर विकेल, पण हे कबूल करणार नाही.

मात्र या धंद्याची खरी कला माहितीपत्रकात असते आणि सरकारनं हात घातलाय तो नेमका तिथं. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. मोबाइल धरला की प्रकल्पाची सगळी कुंडली समोर. न छापल्यास ५० हजारांपर्यंत दंड. हा साहित्यावरचा हल्ला आहे. कारण पवनीइतकी माहितीपत्रकाला अनुकूल भूमी विदर्भात दुसरी नाही. वैनगंगेचा काठ, घाट, देवळांची गर्दी, ‘विदर्भाची काशी’ हे नाव आयतं लावलेलं. तटबंदी आणि खंदक अजून शिल्लक, म्हणजे ‘गेटेड कम्युनिटी’ दोन हजार वर्षांपूर्वीच होती. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं तेव्हा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. कुणी काय दिलं ते दगडात, कायम, उन्हापावसात. एवढ्या चोख कागदपत्रांची या गावाला सवय होती, पण मधल्या काळात ती सुटली. त्याच टेकडीवर, स्तूपाच्या डोक्यावर, पुढे देऊळ उभं राहिलं. जागा तीच, मालक बदललेला आणि फेरफार कुठंच नाही. गावातल्या आजच्या कितीतरी व्यवहारांचं मूळ तिथवर जातं.

मग वाघ. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ ला जाहीर झालं आणि तिथला ‘जय’ नावाचा वाघ देशभर गाजला. २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला तो आजवर कुणाला दिसलेला नाही. माहितीपत्रकाला तो अजूनही दिसतो, आणि ‘फक्त पाच मिनिटांवर’ दिसतो. मग रेल्वे. नागपूर-नागभीड या छोट्या गाडीच्या मार्गावर ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं. ब्रिटिशांच्या काळापासून रेल्वेची रीत अशी की गाव लांब असलं की त्याच्या नावापुढे ‘रोड’ लावायचं. प्रवाशानं समजून जायचं. २०१९ ला रुंदीकरणासाठी तो मार्ग बंद झाला आणि छोटी गाडी गेली. पण ‘पवनी’ आणि ‘स्टेशन’ हे दोन शब्द जवळ आलेले आहेत, ते पुन्हा लांब करण्याचा कुणाला काय अधिकार? असल्या वाङ्मयावर काळ्या चौकोनी ठिपक्यांचा शिक्का मारायला सांगणारं सरकार उद्या लावणीतही सातबारा मागेल.

आणि मागणारं सरकार कोण? तर ज्यानं याच तालुक्यात सगळ्यात मोठी दलाली केली ते. गोसीखुर्द धरण पवनीपासून हाकेच्या अंतरावर. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि आकडा तोवर हजारो कोटींत गेलेला होता. वैनगंगेच्या काठची काळी कसदार शेतं, आमराया, घरं, देवळं, सगळं घेतलं आणि बदल्यात माळावर आखलेल्या नव्या गावठाणात प्लॉट दिले. या प्लॉटांचं माहितीपत्रक अप्रतिम होतं. त्यात १८ नागरी सुविधा होत्या : रस्ते, नाल्या, पाणी, वीज, शाळा, स्मशानभूमीसुद्धा. त्या सुविधा मिळाव्यात म्हणून प्रकल्पग्रस्त पुढे वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले, वैनगंगेच्या पाण्यात उतरून उभे राहिले. खासगी बिल्डरनं असं केलं असतं तर आज त्याच्यावर ताबा उशिरा दिल्याचं व्याज बसलं असतं, कारण रेरात तशी तरतूद आहे. पण त्या व्यवहारात ना ‘पी’ नंबर होता, ना ‘ए’ नंबर, ना क्यूआर कोड. साहेब जीपमधून आले, नकाशा बॉनेटवर पसरला, सांगायचं ते सांगितलं आणि गेले. नंतर कुणी विचारायला गेलं तर खुर्चीवर दुसरे साहेब होते. ते म्हणाले, मला काय माहीत, माझ्या आधीचं आहे.

म्हणजे पवनीचा दलाल भाऊ कुणापासून शिकला, हे आता वेगळं सांगायला नको. त्याला तीन दशकांची, तीही सरकारी शिकवणी घरबसल्या मिळालेली आहे. तिच्यापुढे वीस तासांच्या शिकवणीचं काय चालणार? मोबदल्याचे पैसे हातात घेऊन जे लोक गावातून उठले, त्यांना प्लॉट दाखवायला हाच भाऊ मोटरसायकल घेऊन पुढे झाला होता. तेव्हा त्याला कुणी परवाना विचारला नाही. परवाना तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९१९ मध्येच दलालांना परवाना लागू केला आणि त्यालाही शंभर वर्षं उलटून गेली. तिकडची जमीन अजून जागेवर आहे म्हणतात. पण तिकडे माणसं घर घेताना कागद वाचतात, वकील नेमतात, घराची तपासणी करून घेतात. आपल्याकडे ‘ओळखीतला माणूस आहे’ हीच तपासणी, आणि ओळखीतला म्हणजे साळ्याच्या साडूच्या गावचा. अशा समाजात सक्षमता प्रमाणपत्र हा थोडा उद्धटपणाच आहे. त्यातून असा अर्थ निघतो की साडूच्या गावचा माणूस पुरेसा नाही.

तुकडेबंदीचंच घ्या. १९४७ पासूनचा कायदा. २०२३ मध्ये जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे ही कमीत कमी मर्यादा ठरली. एक-दोन गुंठ्यांची रजिस्ट्री होत नसे. मग दहा जणांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे, दहाही नावं एका सातबारावर चढवायची, आणि जागेवर चुन्यानं दहा चौकोन. कुणाचा कोणता, ते एका वहीच्या पानावर. ती वही दलाल भाऊंकडे. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याप्रमाणं शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो, तर त्यासाठी दहांतल्या प्रत्येकाला कुठल्या तरी काकाच्या आठ-अ वर शेतकरी करायचं. हे सगळं बिनपरवान्याच्या, बिनशिक्षणाच्या माणसानं डोक्यात तयार केलं आहे. शिकलेला पोरगा हे करू शकत नाही, कारण त्याला प्रत्येक पायरीवर कलम आठवतं. तो तिथंच अडतो आणि दहा कुटुंबं चौकोनाविना राहतात. पुढे त्या दहांपैकी एकाचं निधन होतं, वारस चार निघतात, एकाला विकायचं असतं, वहीचं पान सापडत नाही. पण तोवर वीस वर्षं गेलेली असतात आणि वीस वर्षांनी कुणाला काय माहीत असतं?

गाळ्यातल्या त्या पोराचं पुढं काय होतं, असंही कुणी विचारील. पाच वर्षांनी नूतनीकरण. ते त्यानं करू नये असं मला मनापासून वाटतं. चौकट उतरवावी, त्या खिळ्याला कॅलेंडर लावावं आणि सेकंड हँड मोटरसायकल घ्यावी. शिकलेलं विसरता येतं. आयबीपीएसची परीक्षा पास होऊन बँकेत लागलेल्या कितीतरी लोकांनी ते करून दाखवलं आहे.

आणि तुम्ही, वाचकहो, पवनीत प्लॉट बघायला याल तेव्हा एक पथ्य पाळा. दलाल भाऊंना नोंदणी क्रमांक विचारू नका. विचारलात आणि त्यांनी दिला, तर मोह आवरा. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की एजंटाची नोंदणी आहे की नाही ते दिसतं आणि प्रकल्पाचा क्रमांक टाकला तर मंजुरी, जागेचे कागद, सगळं उघडं पडतं. त्याला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, नागपूरला जावं लागत नाही, आणि पवनीत नेटवर्क चांगलं आहे. सांभाळून राहा.